कॉलरच्या आतलं अक्षर

भुणी गेल्यानंतरही तिचं अक्षर दुकानात येत राहिलं.

रोज यायचं. कधी शर्टाच्या कॉलरच्या आत, कधी कोटाच्या अस्तरावर, कधी चादरीच्या कोपऱ्यात. दादा गाठोडं सोडायचा, कपडा उलटा करायचा, आणि ते तिथे असायचं. बारीक, उजवीकडे झुकलेलं, पक्क्या काळ्या शाईतलं. एकेक लांबलचक इंग्रजी शब्द. दादा क्षणभर थांबायचा आणि मग कपडा ढिगात टाकायचा.

दादा म्हणजे पुलाअलीकडच्या बोळातला लाँड्रीवाला. खरं तर तो एकट्या भुणीचा दादा. पण ती लहान असताना दिवसभर दुकानातून "दादा, दादा" असा गजर चालायचा. तो ऐकून ऐकून सगळा बोळच त्याला दादा म्हणायला लागला. त्याच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. आईवडील गेले तेव्हा भुणी इस्त्रीच्या टेबलाएवढीही उंच नव्हती. तिला दादानं आणि वहिनीनं वाढवलं. त्या दोघांना मूल झालं नाही. भुणी होतीच.

भुणी हे नाव तिच्या भुणभुणीवरून पडलं. अभ्यास ती तोंडानं करायची. कपड्यांवर खुणा घालता घालता, बटणं तपासता तपासता ओठांतल्या ओठांत काहीतरी चालू असायचं. मागच्या खोलीत बॉयलर तापला की असाच आवाज करतो. दादाला दोन्ही आवाजांची सवय झाली होती. दोन्ही चालू असले की सगळं ठीक आहे असं त्याला वाटायचं.

आता बॉयलर तापला की तो मान वर करायचा. मग पुन्हा खाली घालायचा.

खुणांची गोष्ट अशी. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतून खूण करावी लागते, नाहीतर धुलाईत सगळ्यांची सरमिसळ होते. दादाच्या वडिलांच्या काळापासून आकडे घालायची पद्धत होती. पण इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो. एकदा न्यायाधीशसाहेबांचा सदरा बेकरीवाल्याकडे गेला आणि बेकरीवाल्याचा साहेबांकडे. बेकरीवाला म्हणाला, "मला बरा बसला, राहू द्या." न्यायाधीशसाहेब काहीच म्हणाले नाहीत. तोच ढगळ सदरा घालून ते आठवडाभर कोर्टात गेले.

तेव्हा भुणी शाळेत होती. ती म्हणाली, "दादा, आकडे बंद. मी शब्द घालते. शब्द उलटा धरला तर कुणाला वाचताच येत नाही, म्हणजे सुलटा धरावाच लागतो."

"बरं," दादा म्हणाला. "काय हवं ते लिही. एकाचं दुसऱ्याला जाता कामा नये."

झालं. पुढची सगळी वर्षं खुणा तिनंच घातल्या. दादाला इंग्रजी अक्षरं लागायची, पण शब्द वाचत बसायला वेळ कुणाला होता? तो त्यांना आकारानं ओळखायचा. एक बुटकं होतं, एक शेपटीवालं, एक टिंबटिंबवालं. एक इतकं लांब होतं की त्याचं नाव आगगाडी. वहिनी मागून ओरडायची, "अहो, शेपटीवाल्याची पँट सापडेना!" आणि दादा डोळे मिटून ती काढून द्यायचा.

भुणी मोठी झाली आणि शब्द आणखी अवघड झाले. तिला एक परीक्षा द्यायची होती. लांबच्या देशातल्या विद्यापीठात त्या परीक्षेवर जागा मिळते. त्या परीक्षेत असे इंग्रजी शब्द विचारतात जे इंग्रज माणूससुद्धा घरी बोलत नसेल, असं तीच हसत सांगायची. एकदा ती म्हणाली, "दादा, शब्द नुसता पाठ केला की पळून जातो. माणसाला बांधला की राहतो."

"बरं," दादा म्हणाला. त्याचं लक्ष बाहीच्या चुणीकडे होतं.

आणि उन्हाळा संपत असताना, फॉर्म भरून झाल्यावर, ती टेबलाच्या पलीकडे उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, जागा मिळाली तर जाऊ ना मी?"

दादानं इस्त्री उचलून बाजूला ठेवली. तिच्याकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग आत गेली.

हिवाळा लागताना तिला ताप आला. साधाच वाटला. इस्पितळात नेईपर्यंत तो साधा राहिला नव्हता. परीक्षेची तारीख आली तेव्हा ती नव्हती.

*

पुस्तकी आली तेव्हा दुकानात दादा एकटाच होता. पुस्तकी ही भुणीची मैत्रीण. साहित्य शिकलेली. हे नाव भुणीनंच ठेवलेलं. पदवी मिळाल्यावर ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली होती आणि बातमी तिला उशिरा कळली होती. ती दारात उभी राहिली. काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं. पुस्तकं वाचलेल्या माणसालासुद्धा अशा वेळी सुचत नाही.

"ये," दादा म्हणाला. "बस. वहिनी बाजारात गेलीय."

ती बसली. समोर धुवायच्या शर्टांचा ढीग होता. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिनं वरचा शर्ट उचलला. कॉलर उलटली. आणि तिचा हात थांबला.

"हे तिचं अक्षर."

"हो. खुणा तीच घालायची."

"लॅकोनिक," पुस्तकीनं वाचलं. "दादा, हा कुणाचा शर्ट?"

"ते बुटकं होय? घड्याळजीचं."

"कोपऱ्यावरचे? जे कधीच बोलत नाहीत?"

"बोलतो की. वर्षातून एकदा."

पुस्तकी हसली. मग तिनं तोंडावर हात घेतला आणि डोळे गच्च मिटले. दादाला कळेना. तो पाणी आणायला वळला तशी ती म्हणाली, "दादा, लॅकोनिक म्हणजे मोजकं बोलणारा. शब्द खर्च न करणारा."

दादा हातात तांब्या घेऊन उभा राहिला.

"योगायोग असेल," तो म्हणाला.

पुस्तकीनं दुसरा कपडा उचलला. ते शेपटीवालं. "गॅरुलस. कुणाचं?"

"केस कापतो त्याचं."

"गॅरुलस म्हणजे बडबड्या. ज्याच्या तोंडाला विश्रांती नाही असा."

दादानं तांब्या खाली ठेवला. स्वतःच ढिगातून एकेक काढून देऊ लागला. सोम्नोलंट निघाला गोदामाच्या पहारेकऱ्याच्या कोटावर. म्हणजे सदा पेंगणारा. निवृत्त हेडक्लार्कच्या सहा शर्टांवर एकाच उंचीत, एकाच जागी लिहिलेलं पंक्टिलिअस. म्हणजे बारीकसारीक नियमही काटेकोरपणे पाळणारा. आगगाडी निघाली प्युसिलॅनिमस.

"हे कुणाचं?"

"न्यायाधीशसाहेबांचं. का?"

पुस्तकीनं दाराकडे पाहून आवाज बारीक केला. "भित्रा."

दादा उठला आणि दार लोटून आला.

शेवटी टिंबटिंबवालं निघालं. पांढरा डगला, इस्पितळातल्या नर्सबाईंचा. सॉलिसिटस.

"काळजीनं विचारपूस करणारी," पुस्तकी म्हणाली. "जिवाला लावून घेणारी."

शेवटच्या दिवशी भुणीच्या उशाशी त्याच बाई होत्या. हाच डगला असेल कदाचित. भुणीचा हात त्यांच्या हातात होता, आणि तिनं वर्षापूर्वी लिहिलेला शब्द त्यांच्या मानेला आतून लागून होता. त्यांना माहीत नव्हतं. भुणीला मात्र त्या वेळी आठवला असेल का?

दादानं डगल्याची घडी घातली. मळका होता, तरी घडी घातली.

पुस्तकी निघायला उठली. तिनं आपला निळा कोट अंगावर चढवला आणि मध्येच थांबली. कॉलेजात असताना एकदा कोटावर शाई सांडली होती. तेव्हा भुणीनं तो दुकानात नेऊन धुऊन आणला होता. पुस्तकीनं कोट काढला. अस्तर उलटं केलं.

सपाट शब्द होता. शेवटची काठी सोडली तर कुठे उंचवटा नाही.

"काय आहे?" दादानं विचारलं.

"इव्हॅनेसंट."

"म्हणजे?"

ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. "पाहता पाहता नाहीसं होणारं. धुकं असतं तसं." मग म्हणाली, "मी नोकरीला गेल्यावर तिला फोन करायचं राहूनच जायचं, दादा. आज करू, उद्या करू. पण हे तर मी जायच्या आधीचं आहे. तिला आधीच कसं कळलं?"

पुस्तकी कोट हातातच घेऊन गेली. बाहेर थंडी होती.

*

त्या दिवसापासून दादाचं काम बदलून गेलं. पूर्वी कपडे यायचे. आता माणसं येऊ लागली, आणि प्रत्येकाच्या मानेशी भुणी बोलत होती.

पुस्तकीनं सुट्टी वाढवली होती. दुपारी ती येऊन बसायची. नवा शब्द निघाला की अर्थ सांगायची. दादा तो तोंडात घोळवायचा. इस्त्री मारता मारता म्हणायचा. लॅकोनिक, लॅकोनिक. इस्त्रीतून वाफ निघायची आणि वर टांगलेले कोट हळूच हलायचे. त्यांच्या रिकाम्या बाह्या एकमेकींना लागायच्या. आपण शब्द म्हणायचं थांबलो की दुसरं कुणीतरी तो पुढे म्हणतंय असं दादाला वाटायचं. तो इस्त्री उचलून कान द्यायचा. बॉयलर असायचा.

"आता तुम्हीही लागा भुणभुणायला," वहिनी म्हणाली. "एक गेली, दुसरा तयार."

ती रागावून बोलली आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. वहिनीला रडायचं असलं की ती नळ सोडते.

गिऱ्हाइकांशी वागणं अवघड होऊन बसलं. न्यायाधीशसाहेब आले की दादाला त्यांच्या डोळ्याला डोळा देववेना. घरमालक आले, नेहमीप्रमाणे चांगुलपणावर भाषण देऊन गेले, आणि ते वळल्याबरोबर दादाच्या तोंडून निघालं, "सॅन्क्टिमोनियस." म्हणजे सोज्वळपणाचा आव आणणारा.

"काय म्हणालास?" मालक दारातून मागे वळले.

"साबणाचं नाव," वहिनी आतून म्हणाली. "नवा आलाय."

हसू आलं की दादाला लगेच धाक वाटायचा. कारण भुणीचा एकही शब्द चुकलेला नव्हता. पोरगी दिवसभर मान खाली घालून खुणा घालत बसायची, आणि सगळ्या गावाला आरपार बघत होती.

मग एका दुपारी, कफाला इस्त्री करता करता, त्यानं विचारलं. विचारायचं बरेच दिवस त्याच्या मनात होतं.

"आणि मला काय लिहिलं असेल तिनं?"

"घरच्या कपड्याला कशाला खूण?" वहिनी म्हणाली. "ते कुठे हरवणार आहेत?" आणि मग तिचाच हात थांबला. "अहो, पण बॉयलर फुटला होता तेव्हा..."

मागच्या वर्षी बॉयलर फुटला होता. दुरुस्त होईपर्यंत सगळं काम पुलापलीकडच्या लाँड्रीत पाठवावं लागलं होतं. तेव्हा घरचे कपडेही गेले. बाहेर जाणार म्हणून भुणीनं त्यांनाही खुणा घातल्या. बाकी गाठोडी परत आली. घरचं तेवढं तिकडेच राहिलं.

"तुमचा राखाडी सदरा त्यातच आहे," वहिनी म्हणाली. "मी तेव्हाच म्हणत होते, जाऊन घेऊन या."

दादाचा चेहरा बंद झाला. पुलापलीकडचा म्हणजे दादाच्या वडिलांकडे काम शिकलेला माणूस. दादाबरोबरच शिकलेला. एका ताटात जेवलेला. शिकून झाल्यावर त्यानं पलीकडे स्वतःचं दुकान टाकलं आणि अर्धी गिऱ्हाइकं घेऊन गेला. त्याची पायरी चढणार नाही असं दादा तेव्हा म्हणाला होता. बॉयलर फुटला तेव्हासुद्धा बोलणी करायला भुणीच गेली होती.

"राहू दे तिकडेच," दादा म्हणाला.

"नकाच शोधू, दादा," पुस्तकी म्हणाली. तिनं निळा कोट त्या दिवसापासून घातला नव्हता. "कळल्यावर ते परत ठेवून देता येत नाही."

*

दादा पुलापलीकडे गेला नाही. पण हातातले शब्द जपायला लागला.

पक्की शाईसुद्धा दर धुलाईला थोडी थोडी जातेच. ते त्याला आधीपासून माहीत होतं. आता ते त्याला दिसायला लागलं. काळं अक्षर तपकिरी होत होतं. मग तो कॉलरला ब्रश लावीना. बोटानं साबण फिरवायचा, पाणी हळू ओतायचा. हेडक्लार्क सगळे शर्ट घेऊन परत आले. "कॉलरी मळकट राहतात हल्ली. सहाच्या सहा."

"बघतो," दादा म्हणाला.

"मी बघितल्या आहेत. तुम्ही धुवा."

ते गेल्यावर वहिनीनं एक कॉलर उलटली आणि तिला सगळं कळलं. "अहो, ही लाँड्री आहे की संग्रहालय? लोक कपडे धुवायला देतात, सांभाळायला नाही." तिनं ब्रश उचलला. साबण लावला. शब्दावर नेला आणि तिथेच थांबवला. मग ब्रश पाण्यात टाकून ती आत गेली. आत नळ सुटला.

आणि एक दिवस घड्याळजीचा शर्ट आला. दादानं सवयीनं कॉलर उलटली. आत काही नव्हतं. कोरं कापड. त्यानं दुसरी बाजू पाहिली. बाह्या पाहिल्या. खालची पट्टी पाहिली. बुटकं कुठेच नव्हतं.

घड्याळजी समोरच उभा होता. "कॉलर उलटवून घेतली," तो म्हणाला. "विरली होती."

शिंप्यानं कॉलर उसवून उलटी शिवली होती. शब्द आतल्या थरात गेला होता, शिवणीच्या मागे. आहे, पण आता कुणी वाचू शकणार नाही. दादा त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिला.

घड्याळजी काही वेळ थांबला. मग म्हणाला, "चांगली होती पोर." आणि निघून गेला. वर्षातलं एकदाचं बोलणं त्यानं तिथे वापरलं.

दादानं शर्ट खाली ठेवला. राखाडी सदरा त्याच्या डोळ्यांसमोर आला. पलीकडच्याला गाठोडं जड झालं तर? फडकी करून टाकली असतील तर? बेवारशी कपडे सगळ्याच लाँड्र्यांत शेवटी फडकी होतात. इथेही होतात.

"जरा जाऊन येतो," तो म्हणाला.

"कुठे?" वहिनीनं विचारलं. तो चपला घालून बाहेर पडला. तो पुलाच्या दिशेनं वळला तेव्हा तिनं पुस्तकीला निरोप धाडला.

*

पलीकडचं दुकान मोठं होतं. काचेचं दार, मोठाली मशीनं, आत कपडे गरगर फिरताना दिसत. दादा पायरीशी थांबला. मग चढला.

पुलापलीकडचा गल्ल्यावर बसला होता. केस पिकले होते. त्यानं वर पाहिलं.

"आलास का शेवटी," तो म्हणाला.

"माझं एक गाठोडं राहिलंय."

"माहितेय. एवढ्या दिवसांत फडकी केली असती त्याची." तो उठला आणि आतल्या खणाकडे गेला. "पण तुझ्या बहिणीनं दम दिला होता. बाकीचं सगळं घेऊन गेली आणि हे ठेवून गेली. म्हणाली, हे गाठोडं मी नेणार नाही. माणूस पाठवला तर त्यालाही देऊ नका. दादा स्वतः आला तरच द्यायचं."

दादानं टेबलाची कड धरली.

"मी म्हटलं, तो येणार नाही. तर म्हणाली, येईल. सदरा आवडता आहे त्याचा." त्यानं गाठोडं टेबलावर ठेवलं. वर धूळ नव्हती. घड्या ताज्या होत्या. "दर महिन्याला पुन्हा इस्त्री मारत होतो. घडीवर पिवळं पडतं, तुला माहितेय. गुरुजींचंच शिक्षण. तुझ्या वडिलांचं."

"हं."

"ती गेली तेव्हा आलो होतो मी. बोळाच्या तोंडाशी उभा होतो. आत यायचा धीर झाला नाही." तो घुटमळला. "सगळ्यांवर काही ना काही लिहायची म्हणे ती. मला काय म्हणायची रे?"

"तुला?" दादा म्हणाला. "तुझं नाव घ्यायचीच बंदी होती आमच्याकडे."

दोघंही हसले. हसू लवकर संपलं.

दादा गाठोडं काखेत धरून पुलावरून परत आला. ते हलकं होतं. पण तो सावकाश चालत होता. उघडेपर्यंत तिनं काहीही लिहिलेलं असू शकत होतं. उघडल्यावर तेवढंच राहणार होतं.

*

वहिनी आणि पुस्तकी दुकानात वाट बघत होत्या. दादानं गाठोडं इस्त्रीच्या टेबलावर सोडलं. वर भुणीचा मफलर होता. त्यानं तो चारही कडांनी पाहिला. खूण नव्हती. स्वतःचा कपडा ती ओळखणारच होती.

मग वहिनीचा स्वेटर. मानेच्या पट्टीवर मावत नव्हता इतका लांब शब्द.

"इन्डिफॅटिगेबल," पुस्तकीनं वाचलं. "कधीही न थकणारी. कितीही काम पडलं तरी."

"म्हणजे गाढव," वहिनी म्हणाली. पण तिनं स्वेटर ओढून घेतला आणि छातीशी धरून ठेवला. या वेळी नळापर्यंत जाणं तिला जमलं नाही. ती तिथेच रडली.

खाली राखाडी सदरा होता. दादानं तो उलगडला. कॉलर उलटी करायला त्याला वेळ लागला. खूण घातल्यापासून या सदऱ्याला एकच धुलाई झाली होती. अक्षर काळंभोर होतं. इतकं ताजं, की दादानं बोट लावून पाहिलं, शाई लागते का ते.

पुस्तकीनं वाकून वाचलं. तिनं शब्द उच्चारला नाही.

"वाच," दादा म्हणाला.

"इन्स्क्रूटेबल."

"चांगला आहे की वाईट?"

"चांगला... म्हणजे, खोल. खोल माणसाला म्हणतात."

"पुस्तके, खोटं बोलायला तुला जमत नाही. भुणीलाही जमायचं नाही. सांग."

पुस्तकीनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं मान डोलावली. पुस्तकी सदऱ्याकडे बघत म्हणाली, "ज्याच्या मनात काय आहे ते कळत नाही असा. कितीही पाहिलं तरी."

मागे बॉयलर चालू होता. टांगलेल्या कपड्यांतून एक हलकी लहर गेली.

हा शब्द ती कधीची घेऊन फिरत होती? टेबलाच्या पलीकडे उभी राहून तिनं विचारलं होतं, जाऊ ना मी? तेव्हा तो तिला ठाऊक होता. साऱ्या गावाला आरपार बघणारी पोरगी एका माणसापाशी येऊन थांबली होती. तो माणूस रोज तिच्यासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा असायचा.

दादा सदऱ्याकडे बघत होता.

"बरं," तो म्हणाला.

त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. तो खाली बसला.

*

दुसऱ्या दिवशी पुस्तकीची गाडी होती. जाताना ती दुकानावरून गेली. निळा कोट तिच्या अंगावर होता. "आठवड्याला फोन करीन," ती म्हणाली. "वहिनी, तुम्ही उचला. दादा नुसतं बरं म्हणतील."

"नाही म्हणणार," दादा म्हणाला. पुस्तकी त्याच्याकडे बघत राहिली. मग गेली.

दादानं राखाडी सदरा घातला. कामाला कुणी असा चांगला सदरा घालत नाही. वाफेनं पाठीला चिकटतो. त्यानं घातला. मानेशी शब्द लागला. काहीच टोचत नव्हतं, तरी तो तिथे आहे हे त्याला कळत होतं. गावातल्या बाकी कुणाला आपापला शब्द कळत नव्हता.

त्यानं बॉयलर तापवला. नेहमीचा आवाज सुरू झाला. टेबलाच्या पलीकडे, ती उभी राहायची तिथे, वाफ साठत होती. दादानं इस्त्री उचलली, पुन्हा ठेवली.

"भुणे," तो म्हणाला.

पुढे काही येईना. त्याच्या घशाला या गोष्टींची सवय नव्हती. तो पुन्हा म्हणाला, "भुणे, तू विचारलं होतंस. जाऊ ना म्हणून. मला जा म्हणायचं होतं. आणि जाऊ नकोस असंही म्हणायचं होतं. दोन्ही एकदम तोंडाशी आलं. मग बरं म्हणालो."

वाफ हलली. वरच्या एका कोटाची बाही दुसरीला लागली.

"इथून माणसं कोट न्यायला यायची ना, प्रवासाला निघालेली, त्यांचे कोट मी तुझ्या मापाचे आहेत का ते बघायचो. तिकडे थंडी असते म्हणतात. तुला सांगायचं राहिलं."

"अहो," वहिनी आतून म्हणाली, "कोणाशी बोलताय?"

काही नाही, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. आयुष्यभर तेच येत होतं.

"भुणीशी," तो म्हणाला.

आत नळ सुटला नाही.

"मग मोठ्यानं बोला," वहिनी म्हणाली. "बॉयलर चालू आहे. तिला ऐकू यायचं नाही."

दादानं घसा खाकरला. आणि आवाज चढवला.